जास्तीचं सिलिंडर

आमच्या लेआउटमधल्या प्रत्येक घराचा गॅस कधी ना कधी नको त्या वेळी संपलेला आहे. कोणाचा पोळ्या अर्ध्यावर असताना, कोणाचा पाहुणे बेसा चौकात येऊन फोनवर पत्ता विचारत असताना. अशा वेळी घरातली बाई आधी सिलिंडर हलवून पाही, मग नवऱ्याकडे पाही आणि शेवटी चपला घालून शोभाताई निनाव्यांकडे जाई. शोभाताईंच्या जिन्याखाली भरलेलं सिलिंडर असेच. ते नाही असं कधी झालं नाही.

मात्र ते लगेच मिळत नसे. आधी सोफ्यावर बसावं लागे. मग चहा येई. तिकडे घरी कुकर थंड होत असला तरी चहा नाकारायची सोय नव्हती. चहाबरोबर चौकशी सुरू होई.

"कधी लावलं होतं हे सिलिंडर?"

"दिवाळीच्या आधी, काकू."

"मंग संपन नाही त् काय? बुकिंग काहून नाही केलं?"

"विसरली जी."

"जेवाले विसरते का वं तू?"

समोरची बाई खाली मान घालून हसे. हे हसणं शोभाताईंना पुरेसं असे. मग त्या आतल्या बाजूला तोंड करून म्हणत, "अहो, द्या तिले." की मारोतराव उठत, जिन्याखालून सिलिंडर ओढत आणि तळाच्या कडेवर तिरपं करून गोल गोल फिरवत फाटकापर्यंत नेत. मारोतराव वीज मंडळातून लाइनमन म्हणून रिटायर झाले होते. जन्मभर खांबावर चढून झाल्यावर हे जमिनीवरचं काम त्यांना हलकं वाटत असावं.

चार-आठ दिवसांनी सिलिंडर परत येई. उपकार मात्र घेणाऱ्याच्याच घरी राहत. गणपतीच्या महाप्रसादाला वांग्याची भाजी की आलू-मटर हे शोभाताई ठरवत. कोणाची गाडी कोणाच्या फाटकासमोर उभी राहील, कोणाच्या कुत्र्याला साखळी लागेल, हेही त्यांच्याच ओट्यावर ठरे. त्यांच्याशी भांडण करावं असं बऱ्याच जणांच्या मनात येऊन गेलं होतं. पण भांडण करायच्या आधी माणूस घरी जाऊन सिलिंडर हलवून पाही आणि विचार बदले. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला त्यांच्या अंगणात चपलांचा ढीग पडे. वाण म्हणून त्या प्लास्टिकची चाळणी देत. कोणी कधी तक्रार केली नाही.

ही सगळी हौस त्यांना कुठून आली ते मारोतरावांनी एकदा सांगितलं. शोभाताई स्वतः ते कधी बोलल्या नाहीत.

निनावे मूळचे कोष्टी. पाचपावलीच्या गल्लीत मारोतरावांच्या वडिलांचे माग होते. मारोतरावांच्या लहानपणीच ते बंद पडले आणि त्या खोलीत पुढे संसार मांडला गेला. शोभाताई उमरेडहून लग्न होऊन तिथं आल्या तेव्हा घरात राकेलचा स्टोव्ह होता. राकेल रेशनवर मिळे आणि कधी मिळत नसे. नव्या नवरीचा भाऊ पहिल्यांदा बहिणीला भेटायला आला, त्या दिवशी सावजी मटण अर्धं शिजलं आणि स्टोव्ह फुरफुरून विझला. शोभाताई वाटी घेऊन शेजारी गेल्या. शेजारणीने वाटीभर राकेल दिलं, आणि दुसऱ्या दिवशी नळावर साऱ्या गल्लीला सांगितलं की निनाव्यांची सून लग्नाची हळद उतरायच्या आत मातीचं तेल मागत फिरून राहिली. सासूबाई भागीरथाबाईंनी ते ऐकलं. त्या घरी येऊन सुनेला काही बोलल्या नाहीत, पण आठवडाभर तिच्या हातचा चहा प्यायल्या नाहीत.

त्यानंतर शोभाताईंनी कोणाकडे काही मागितलं नाही. पुढे गॅस आला, मारोतरावांना मंडळात नोकरी लागली, बेसा भागात प्लॉट घेतला, घर झालं. एक जोडणी मारोतरावांच्या नावाने होती. दुसरी त्यांनी भागीरथाबाईंच्या नावाने घेतली. मुलगा सौरव नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा तिथं त्यानेही एक घेतली होती. तो परत आल्यावर तीही इकडे वळवून घेतली. घरात माणसं चार आणि चुलीवरचं काम बेताचं, पण जिन्याखाली लग्नघरासारखी तयारी असे. भागीरथाबाई वारल्या, त्यांचं तेरवीचं जेवणही त्यांच्याच नावच्या सिलिंडरवर झालं. एजन्सीत मात्र त्यांच्या निधनाची खबर कोणी दिली नाही. तिथं त्या जिवंत होत्या आणि नेमाने बुकिंग करत होत्या.

मग आमच्या रस्त्यावर पिवळे पाइप आले.

आधी कोणी लक्ष दिलं नाही, कारण आमचा रस्ता कशासाठी ना कशासाठी खोदलेलाच असतो. पण एके रविवारी लेआउटच्या हनुमान मंदिरात सभा झाली. गॅस कंपनीचा एक तरुण अधिकारी आला, त्याने भिंतीवर चित्रं दाखवली. घरोघरी नळासारखा गॅस येणार. मीटर बसणार. जेवढा जाळाल तेवढंच बिल. बुकिंग नाही, वाट पाहणं नाही, सिलिंडर उचलणं नाही. थंडीत आंघोळीच्या पाण्याचा गीझरही त्याच्यावर चालणार. बायका पुढे सरकून ऐकू लागल्या. शोभाताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या.

"अन् हा तुमचा गॅस मधातच बंद पडला, त् कोणाले मांगायचं?"

"मॅडम, तो बंद पडत नाही."

"लीक झाला त्?"

"मॅडम, हा गॅस हवेपेक्षा हलका असतो. खाली साचत नाही. वर निघून जातो."

"माणसंबी वरच निघून जातात," शोभाताई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

सगळे हसले. अधिकारीही हसला. शोभाताईंना वाटलं सभा आपण जिंकली. पण बाहेर पडताना दाराशी ठेवलेले अर्ज संपलेले होते.

सगळ्यात आधी अर्ज भरला तो समोरच्या मुग्धाने. मुग्धा बँकेत नोकरीला, घरी नवरा, मुलगी आणि सासूबाई. या सासूबाई महाल भागातल्या, जुन्या वळणाच्या, सोवळं पाळणाऱ्या. मुग्धाचा गॅस इतरांपेक्षा जास्त वेळा संपे, कारण त्यांच्याकडे देवाचं वेगळं, सासूबाईंचं वेगळं आणि इतरांचं वेगळं असं तीनदा शिजे. त्यामुळे शोभाताईंच्या जिन्याखालचं सिलिंडर सर्वांत जास्त वेळा त्याच घरी गेलेलं. कधी मुग्धा ऑफिसात असली की सासूबाई स्वतः येत. पण त्या चहा घेत नसत. "आत्ताच झाला," म्हणत. निनाव्यांकडे रविवारी सावजी मटण शिजतं याचा वास सगळ्या गल्लीला येई, आणि सासूबाईंच्या लेखी त्या घरातल्या कपबशीलाही तो चिकटलेला होता. सिलिंडरला मात्र विटाळ नव्हता. ते चालत असे.

"मुग्धा, तुले काय कमी केलं होतं वं मी?" शोभाताईंनी अर्जाचं कळल्यावर विचारलं.

"तसं नाही, काकू. तुम्हालेच त्रास होते न नेहमी."

"मले कधी म्हटलं मी त्रास होते म्हणून?"

पावसाळा संपेपर्यंत लेआउटमधली जवळजवळ सगळी घरं पाइपावर गेली. प्रत्येक घराच्या बाहेरच्या भिंतीवर छोटा मीटर बसला. कंपनीची माणसं घरात येऊन शेगड्या उघडत, आतले जेट बदलत, निळी ज्योत दाखवून निघून जात. जुनी सिलिंडरं लोकांनी एजन्सीला परत केली. रेग्युलेटरही दिले. किचनमध्ये ओट्याखाली जी जागा मोकळी झाली तिथं कोणी कांदे ठेवले, कोणी डस्टबिन.

शोभाताईंची सून गुंजन मिहानमधल्या एका कंपनीत होती. तिलाही पाइप हवा होता. पण ती हुशार मुलगी. तिने सासूशी वाद घातला नाही. एकदाच म्हणाली, "आई, सगळ्यांनी घेतला."

"सगळ्यांनी घेतला म्हणूनच एकीकडे सिलिंडर पाह्यजे," शोभाताई म्हणाल्या. "काही झालं त् जातीन कुठं हे लोक?"

त्या वाट पाहू लागल्या. पण काही झालं नाही. दारावरची बेल वाजेना. पूर्वी बेल वाजली की त्या हात पुसत येत, आता बेल वाजली तर कुरिअरवाला असे. संध्याकाळी फाटकाशी उभ्या राहून त्या जाणाऱ्या-येणाऱ्या बायकांना विचारत, "कसा आहे गॅस?" आजारी माणसाची चौकशी करावी तसं. बायका म्हणत, "छान आहे, काकू." एकदा मुग्धा म्हणाली, "खरं सांगू, काकू? गॅस आहे हे आठवतच नाही आता." शोभाताईंना ते फार लागलं. मारोतरावांना त्या म्हणाल्या, "पाहा, आठवतच नाही म्हणे."

संक्रांत आली. अंगणात चपला पडल्या, पण ढीग म्हणावा एवढ्या नाही. ज्या आल्या त्यांतल्या काही उभ्या उभ्याच कुंकू लावून, वाण पिशवीत टाकून निघाल्या. एक जण तर चाळणी पाहून म्हणाली, "मागच्या वर्षीची आहे माझ्याकडे, काकू." असं बोलायची लेआउटमध्ये ही पहिलीच वेळ. त्याआधी गणपतीच्या महाप्रसादाची भाजीही त्या वर्षी व्हॉट्सअॅपवर मतं घेऊन ठरली होती. आलू-मटर जिंकली.

त्यातच एजन्सीने नवा नियम आणला. ज्याच्या नावावर जोडणी त्याने येऊन कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवायचा. हा निरोप घेऊन नत्थूजी आले. नत्थूजी गेली कित्येक वर्षं त्यांच्याकडे सिलिंडर आणत. दम लागलेला असे, पण ओट्यावर बसून पाणी प्यायल्याशिवाय आणि गावभरच्या बातम्या दिल्याशिवाय जात नसत.

"ताई," नत्थूजी चाचरत म्हणाले, "आजीले एकडाव एजन्सीत आणा लागते. चेहरा दाखवाले."

"कोणत्या आजीले?"

"भागीरथाबाईले."

"नत्थूजी, तुम्ही त् खांदा देला होता तिले!"

"मले माहीत आहे जी. मशीनले माहीत नाही न."

अशा रीतीने भागीरथाबाई दुसऱ्यांदा वारल्या. या वेळी शोभाताईंना जास्त दुःख झालं, असं मारोतराव म्हणतात. सौरवने त्याची जोडणी आधीच गुपचूप बंद करून टाकली होती, ते त्याच आठवड्यात उघड झालं. घरात आता दोनच सिलिंडरं उरली, मारोतरावांच्या नावची. एक लावलेलं, एक जास्तीचं. शोभाताई ते जास्तीचं सिलिंडर दर शनिवारी ओल्या फडक्याने पुसत.

पुढच्या भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे ज्यांच्या घरी महालक्ष्म्या बसतात त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक म्हणजे लढाईच असते. आंबील, पुरणपोळ्या, कढी, वडे, सोळा भाज्या आणि दुपारच्या आत नैवेद्य. निनाव्यांच्या महालक्ष्म्या उमरेडला थोरल्या दिरांकडे असत. त्या सकाळी शोभाताई नवी साडी नेसून, मोगऱ्याचा गजरा माळून सौरवच्या गाडीची वाट पाहत ओट्यावर बसल्या होत्या. तेवढ्यात मुग्धाच्या घरातून कोणीतरी ओरडलं. मग शेजारच्या घरातून. मग सगळीकडून दारं उघडल्याचे आवाज आले.

गॅस गेला होता. चौकापलीकडे गटाराचं काम करणाऱ्या जेसीबीने पिवळा पाइप फोडला होता. कंपनीने सुरक्षेसाठी मागून पुरवठा बंद केला. फोनवर एक मुलगी सगळ्यांना एकाच गोड आवाजात सांगत होती की आमची टीम काम करत आहे. ज्यांच्याकडे इंडक्शन होते त्यांनी ते काढले, आणि सगळ्या लेआउटने एकाच वेळी लावले. थोड्याच वेळात डीपीवरचा फ्यूज उडाला. पंखे थांबले. मारोतरावांनी जुन्या ओळखीच्या लाइनमनला फोन लावला, तर तो म्हणाला, "भाऊ, सणाच्या दिवशी माणूस कुठून पाठवू?"

शोभाताईंची बेल वाजली. वीज नव्हती, म्हणजे खरं तर बेल वाजली नाही. मुग्धाने दार वाजवलं. केस ओले, हाताला पुरणपोळीची कणीक, डोळ्यांत पाणी.

"काकू, सिलिंडर..."

एवढंच म्हणाली. शोभाताई या क्षणाची वर्षभर वाट पाहत होत्या. काय बोलायचं ते सगळं ठरलेलं होतं; मारोतरावांना त्यांनी ते दोन-तीनदा म्हणूनही दाखवलं होतं. पण मुग्धा दारात उभी होती ती नेमकी कशी, हे त्यांना पाहताक्षणी ओळखू आलं. पाय आत टाकावा की नाही, वाटी पुढे करावी की पदराआड ठेवावी, असं माणूस उभं राहतं तसं. आणि तरीही, पुढे त्यांनी गुंजनजवळ कबूल केलं, की आधी त्यांना आनंदच झाला. "मले लाज वाटते सांगाले," त्या म्हणाल्या, "पण बरं वाटलं वं तिले रडताना पाहून. मंग मले माह्याच गालावर मारावंसं वाटलं."

त्या दिवशी चहाही झाला नाही आणि चौकशीही. "अहो, द्या," एवढंच त्या म्हणाल्या, आणि आपला रेग्युलेटर-नळीही काढून दिली. मारोतरावांनी सिलिंडर फिरवत मुग्धाकडे नेलं, जोडलं, शेगडी पेटवली. पाइपाचा गॅस कमी दाबाने येतो म्हणून कंपनीच्या माणसांनी शेगडीच्या जेटची भोकं मोठी करून ठेवलेली. सिलिंडरचा गॅस त्यातून असा उसळला की पिवळी ज्वाळा कढईच्या वर गेली. मुग्धाच्या सासूबाई "अगं बाई गं" म्हणत मागे सरल्या. मारोतरावांनी झटकन बंद केलं. कोणाला काही झालं नाही, फक्त टाइल्सवर काळा डाग पडला. लेआउटमध्ये सिलिंडर चालेल अशी शेगडी एकच उरली होती, आणि ती शोभाताईंच्या किचनमधल्या ओट्यावर होती.

"आणा सामान इकडं," शोभाताई म्हणाल्या. "बोलवा बाकीच्यांले. ज्यांच्या घरी महालक्ष्म्या आहेत त्या आधी."

सौरव गाडी घेऊन आला तेव्हा त्याला दारातच उत्तर मिळालं, "उमरेडले तू जा. मले वेळ नाही."

परातीत पीठ, पातेल्यांत चिरलेल्या भाज्या, पुरणाचे गोळे घेऊन बायका येऊ लागल्या. मुग्धाच्या सासूबाई फाटकाशी थांबल्या. सोवळ्यातल्या लुगड्याचा पदर सावरत त्यांनी विचारलं, "शोभाबाई, तुमच्या ओट्यावर... ते सगळं शिजतं न?"

बायका शोभाताईंकडे पाहू लागल्या. मी फाटकाबाहेर उभा होतो. मलाही वाटलं, आता काहीतरी ऐकायला मिळणार.

"शिजते न," शोभाताई म्हणाल्या. "रविवारी. अहो, शेगडी बाहेर काढा."

मारोतराव आणि गुंजनने शेगडी धुतली, पुसली आणि पोर्चमध्ये टेबलावर मांडली. मुग्धाच्या सासूबाईंनी तिच्यावर पाणी शिंपडलं, हळद-कुंकू वाहिलं, कढई चढवली. भाद्रपदातलं वारं सुटलेलं. ज्योत एकदा विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. चादर आडवी धरली तर चादरीलाच आच लागायला लागली. तिसऱ्यांदा विझल्यावर सासूबाईंनी आभाळाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आत ओट्याकडे पाहिलं. नैवेद्याची वेळ होत आली होती.

"घ्या आत," त्या म्हणाल्या. "देवाला सगळं माहीत असतं."

मग जे झालं त्याला स्वयंपाक म्हणावं की जत्रा, कोणास ठाऊक. एका बर्नरवर पोळ्या, दुसऱ्यावर पाळीपाळीने भाज्या. कोणाची कढी कोणाच्या पातेल्यात गेली, कोणाच्या वड्यांना कोणाचं तेल लागलं. शोभाताई ओट्याशी उभ्या राहून हुकूम सोडत होत्या. "हे उतरवा. ते चढवा. मीठ पाहा न वं आधी." गजरा घामाने चिकटला होता, नव्या साडीवर पुरण सांडलं होतं. भरीत कोणाचं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. ते तीन घरांच्या देवींपुढे गेलं. मध्येच लावलेलं सिलिंडर संपलं. मारोतरावांनी मुग्धाकडून परत आणलेलं जास्तीचं लावलं. शोभाताईंनी बाकीच्यांकडे एकदा नजर फिरवली. त्या नजरेचा अर्थ सगळ्यांना कळला आणि कोणाला राग आला नाही.

शेवटचं ताट गेलं तेव्हा मुग्धाच्या सासूबाई किचनमध्येच एका स्टुलावर बसल्या. दमल्या होत्या. पदराने वारा घेत म्हणाल्या, "थोडा चहा टाका, शोभाबाई. आलं नका घालू, मला पित्त होतं."

शोभाताईंनी आलं घातलं नाही.

गॅस दुसऱ्या दिवशी आला. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर शोभाताईंच्या नावाने हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. कोणी 'लेआउटची अन्नपूर्णा' लिहिलं. मारोतरावांनी ते त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचलं. मग बरेच दिवस गेले. गणपती गेले, नवरात्र गेलं. बेल वाजली ती कुरिअरवाल्याने.

एका संध्याकाळी त्या गुंजनला म्हणाल्या, "भर तो अर्ज."

गुंजनला विश्वास बसेना. "काहून, आई? आता त् सगळे मानतात तुम्हाले."

"मानतात न. पण कोणाचा पाइप फुटावा म्हणून मी रोज वाट पाहून राहिली वं. हे काही चांगलं लक्षण नाही."

पाइप आला, मीटर बसला, शेगडीचे जेट बदलले. दोन्ही सिलिंडरं न्यायला नत्थूजी आले. रिकामी न्यायची सवय असलेल्या नत्थूजींना त्यातलं एक भरलेलं न्यावं लागलं. जाताना म्हणाले, "ताई, आता माह्यं येणं नाही होणार इकडं." शोभाताई म्हणाल्या, "पाणी प्यायले त् येत जा." नत्थूजी "हो जी" म्हणाले. अजून आलेले नाहीत. त्यांचा भाग आता कामठी रोडकडे दिला आहे.

शोभाताईंची ज्योतीबद्दल तक्रार होतीच. सावजीच्या मसाल्याला हवी तशी आच मिळत नाही असं त्या कस्टमर केअरला फोन करून सांगत. इतक्या वेळा सांगत की कंपनीत त्यांचं नाव झालं. पुढे कंपनीने वाडीकडे नवी लाइन टाकली, तिथल्या बायकांची सभा ठेवली आणि एक गाडी पाठवून शोभाताईंना बोलावून नेलं. सभेचा अधिकारी तोच, हनुमान मंदिरात आलेला. त्याने माइकवर ओळख करून दिली की या ताई आमच्या सर्वांत मोठ्या विरोधक होत्या आणि आज समाधानी ग्राहक आहेत. मागे ट्रकांचे हॉर्न वाजत होते. शोभाताईंनी माइक घट्ट धरला.

"गॅस चांगला आहे," त्या म्हणाल्या. "संपत नाही. बुकिंग नाही. उचलाचं काम नाही. घ्या बाप्पा सगळ्यांनी."

टाळ्या पडल्या. अधिकाऱ्याने माइक घ्यायला हात पुढे केला. शोभाताईंनी तो सोडला नाही.

"पण एक गोष्ट आहे. हा आला की तुमच्या घरी कोणी येणार नाही. अन् तुम्हीबी कोणाकडे जाणार नाही. मले कोणी हे आधी सांगितलं नाही म्हणून मी सांगून राहिली. त् महिन्यातून एकडाव कोणाकडे तरी काही मांगाले जात जा. साखर मांगा, कढीपत्ता मांगा. घरात असलं तरी मांगा."

अधिकाऱ्याने हसून आभार मानले आणि त्यांना स्टीलचा थर्मास भेट दिला. पुन्हा त्यांना कोणत्या सभेला बोलावलं नाही.

त्या संध्याकाळी त्या एक रिकामी वाटी घेऊन समोरच्या घरी गेल्या. मुग्धा अजून बँकेतून आली नव्हती. सासूबाईंनी दार उघडलं.

"थोडं विरजण पाह्यजे होतं," शोभाताई म्हणाल्या. आवाज जरा चोरटाच झाला असेल.

"विरजण?" सासूबाई म्हणाल्या. "आमच्याकडे कुठलं विरजण, शोभाबाई. सून पाकिटाचं दही आणते. ते काही लागत नाही नीट, पांचट असतं. बसा, सांगते तुम्हाला तिचं एकेक." त्यांनी शोभाताईंना सोफ्यावर बसवलं, आणि मुग्धा किती उशिरा उठते, किती भाजी टाकून देते, ते सगळं खालच्या आवाजात सांगायला सुरुवात केली. अंधार पडला तरी सांगणं संपलं नव्हतं. शोभाताई मधून मधून "हो का जी" म्हणत होत्या.

इकडे गुंजन ऑफिसातून आली, फ्रिज उघडला आणि मारोतरावांना विचारू लागली की दह्याचं भांडं काठोकाठ भरलेलं असताना आई कुठं गेल्या.

"मांगाले," मारोतराव म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.